व्हेर्नाकच्या भट्टीतला पहिला नंबर

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एमिलसाहेब फोरमन म्हणून आले, तेव्हा पहिली दोन वर्षं आम्ही त्यांना इंग्रज समजत होतो. गोरा म्हणजे इंग्रज, एवढंच आमचं ज्ञान. मेसचा आचारी बदरुद्दीनचाचा त्यांना रोज विचारायचा, "साब, लंडन में बारिश?" आणि साहेब रोज शांतपणे सांगायचे, "मालूम नहीं." शेवटी एके दिवशी त्यांनी पाकिटातून एक फोटो काढला आणि चाचाच्या परातीशेजारी ठेवला. दगडी घरं, दगडीच छपरं, मधे एक बुटकं चर्च आणि मागे हिरवी टेकडी.

"ये लंडन नहीं," साहेब म्हणाले. "ये व्हेर्नाक. मेरा गाँव. फ्रान्स. आदमी तिरसठ."

"तिरसठ हजार?"

"तिरसठ."

चाचा रत्नागिरीकडचा. त्याने फोटो पुन्हा एकदा बघितला आणि म्हणाला, "इतने तो हमारे एक घर में निकलेंगे." साहेब मनापासून हसले. त्या दिवसापासून लंडनचा पाऊस थांबला.

मी समाधान, खानदेशातला, पारोळ्याकडचा. आमची कंपनी कारखान्यांच्या भट्ट्यांना आतून फायरब्रिकचं अस्तर लावायची आणि मी त्यातला मिस्त्री. आता खरं सांगायचं तर, माणूस स्वतःच्या गावाबद्दल बोलायला लागला की मला कंटाळा येतो. आमच्या कामगारांच्या कॅम्पात प्रत्येकाच्या गावचं पाणी गोड, प्रत्येकाची नदी बारमाही आणि प्रत्येकाचे काका पैलवान. मग एवढं सगळं सोडून वाळवंटात विटा रचायला कशाला आलात, असं विचारावंसं वाटतं. पण एमिलसाहेबांचं गाव मी कंटाळा न करता ऐकलं. कारण ते गावाचं वाईटही तेवढ्याच प्रेमाने सांगायचे. शाळा बंद पडली, ती वर्गात तीनच मुलं उरली म्हणून. चर्चचा घंटेवाला बहिरा होता, त्याला स्वतःची घंटा ऐकू यायची नाही, पण चाळीस वर्षं त्याची एक वेळ चुकली नाही. अक्रोडाच्या झाडावरून दोन भाऊ भांडले आणि मरेपर्यंत बोलले नाहीत, मात्र एकाची म्हैस अडली की, म्हणजे त्यांच्याकडे गाय, दुसरा काही न बोलता येऊन वासरू ओढून काढायचा आणि काही न बोलता घरी जायचा.

"हे तर आमच्याकडचं झालं," मी म्हणालो.

"सगळीकडचं आहे," साहेब म्हणाले. साहेब अर्धं इंग्रजी आणि अर्धं वर्कशॉपचं हिंदी बोलायचे. मी इथे ते सरळ मराठीत सांगतो, नाहीतर ही गोष्ट संपायची नाही.

नव्व्याण्णव सालच्या मार्चमध्ये त्यांना गावाहून पत्र आलं. ते वाचून साहेब दोन दिवस कुणावर ओरडले नाहीत, तेव्हाच आम्ही ओळखलं की काहीतरी बिनसलंय. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं.

व्हेर्नाकमध्ये गावाची एक भट्टी होती. पाव भाजायची. एका घराची नाही, सगळ्या गावाची, तीनशे वर्षांची. घरोघरी चूल असायची पण पाव भाजायला सगळे या एकाच भट्टीवर यायचे. साहेबांच्या लहानपणापर्यंत ती दर पंधरा दिवसांनी पेटायची, पुढे फक्त पंधरा ऑगस्टला, गावच्या जत्रेला. आता हिवाळ्यात तिचा घुमट आत कोसळला होता. गावच्या मेयरने, म्हणजे तिथल्या सरपंचाने, लिहिलं होतं की घुमट बांधणारा आता पंचक्रोशीत कुणी उरला नाही. सप्टेंबरात पंचायत बसेल. भट्टी दुरुस्त होणार नसेल तर ती पाडून तिथे गाड्या लावायला जागा करू.

"माझ्या आजोबांनी तो घुमट एकदा दुरुस्त केला होता," साहेब म्हणाले. "मी अकरा वर्षांचा होतो, विटा उचलून देत होतो. मला आठवतं. पण सगळं आठवतं का, ते माहीत नाही. ऑगस्टमध्ये माझी महिन्याची सुट्टी आहे. समाधान, मला एकदा इथे बांधून बघायचंय. इथे उभी राहिली तर मी गावाला लिहीन की थांबा, मी येतो. नाही राहिली, तर लिहीन की पाडा."

साठीचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, आणि माझ्याकडे असा बघत होता की जणू परवानगी मीच देणार आहे. परवानगी द्यायची होती शैलेंद्र सरांनी. सर पुण्याचे, यार्डाचे इनचार्ज, शर्टाला कायम इस्त्री.

"समाधान, लुक," सर म्हणाले, "तुटक्या विटा वापरा, मला प्रॉब्लेम नाही. पण फक्त फ्रायडेला, आणि कंपनीच्या टाइममध्ये एक मिनिटसुद्धा नको. आणि सेफ्टीचा काही इश्यू झाला तर मी तुम्हाला ओळखत नाही. ओके?"

"ओके, सर."

"आणि एक सांग, पाव हवाय तर तो एक दिरहमला मिळतो. अकरा-बारा रुपये. त्यासाठी एवढी भट्टी?"

पुणेकराला उत्तर द्यायचं नसतं, ते त्याच्याकडे आधीच असतं.

शुक्रवार हा आमचा कपडे धुण्याचा आणि झोपण्याचा दिवस. तो आम्ही भट्टीला दिला. यार्डाच्या कोपऱ्यात बैठक बांधली. वर ओल्या वाळूचा मोठा ढीग केला, थापीने थोपटून गोल केला आणि त्यावर ओला कागद लावला. त्या ढिगावर विटा रचत जायचं, टोकाला शेवटची वीट ठोकून बसवायची आणि सगळं वाळलं की तोंडातून वाळू उपसायची. वाळू निघाली की आत पोकळी आणि वर घुमट. वाळूला मुसफ्फात तोटा नव्हता. एमिलसाहेब गुडघ्याखाली पोतं घेऊन बसायचे आणि प्रत्येक वीट लावण्याआधी डोळे मिटायचे. आजोबांचा हात आठवत असतील. कारखान्याच्या कामात हाच माणूस तासाला शंभर विटा मागायचा.

पहिला घुमट एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी पडला. आम्ही वाळू उपसत होतो, अर्धी निघाली होती आणि काहीतरी करकरलं. मी साहेबांना दंडाला धरून मागे ओढलं. धूळ खाली बसली तेव्हा जागेवर विटांचा ढीग होता आणि शेवटची वीट सगळ्यात वर, एकदम शाबूत.

साहेब बादली उलटी करून तिच्यावर बसले. मग म्हणाले, "खलास. मी लिहितो त्यांना, पाडा म्हणून."

मला राग आला. कशाचा ते नीट सांगता येणार नाही. सात शुक्रवार घातले होते त्याचा असेल, किंवा एवढ्या मोठ्या माणसाने आमच्यासमोर असं बसावं त्याचा. मी पडलेल्या विटा बघायला लागलो. वरच्या विटा सरळ खाली आल्या होत्या, पण खालच्या दोन ओळी बाहेर सरकल्या होत्या. म्हणजे घुमट वरून नव्हता फुटला. पाय फाकले होते.

"साहेब, तुमच्या गावात भट्टीच्या बाजूला काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे मोकळी जागा?"

"नाही. टेकडी आहे. भट्टी टेकडीत खोदून बसवलीय. फक्त तोंड बाहेर."

असं म्हणून ते थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मग पाकिटातून फोटो काढला. भट्टी त्यात दिसत नव्हती, पण टेकडी दिसत होती. तीनशे वर्षं घुमटाला तिन्ही बाजूंनी टेकडीने धरून ठेवलं होतं आणि आम्ही त्याला मुसफ्फाच्या सपाट यार्डात एकटं उभं केलं होतं.

"अकरा वर्षांच्या पोराला टेकडी कशी दिसेल," साहेब म्हणाले. "ती तर तिथे असतेच."

मग आम्ही टेकडी बांधली. काँक्रीटचे ब्लॉक तिन्ही बाजूंनी रचले आणि मधल्या फटीत वाळूची पोती ठासली. दुसरा घुमट मेच्या शेवटी झाला. वाळू काढताना साहेबांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही, स्वतः पालथं पडून एका हाताने खरवडत राहिले. शेवटचं घमेलं बाहेर आलं तेव्हा त्यांनी भट्टीत डोकं घातलं आणि आतून काहीतरी फ्रेंचमध्ये ओरडले. आवाज घुमून आला. घुमट हलला नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर वाळू आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही होतं, आणि त्यांनी दोन्ही पुसलं नाही.

त्यानंतर, सरांची खास परवानगी काढून, आठ दिवस रोज काम सुटल्यावर थोडी थोडी आग घालून भट्टी वाळवली. जूनमध्ये, मुसफ्फात, पंचेचाळीस डिग्रीत. सगळा कॅम्प आम्हाला हसत होता. मग साहेबांनी जाहीर केलं, येत्या शुक्रवारी सकाळी पाव भाजायचा, व्हेर्नाकच्या रिवाजाप्रमाणे.

रिवाज दोन होते. पहिला असा की सगळ्यांचा पाव एकत्र ठेवला की ओळखू येत नाही, म्हणून प्रत्येक घराचा लाकडाचा एक छाप असतो. तो कणकेवर दाबायचा. साहेबांच्या घराचा छाप होता तीन रेघा. मी खोक्याच्या लाकडातून माझा छाप कोरला, बैलाची दोन शिंगं. चाचाने होडी कोरली, ती चप्पल दिसत होती.

दुसरा रिवाज नंबराचा. भट्टी एकच आणि घरं पुष्कळ, तेव्हा नंबर लावावे लागतात. त्यात पहिला नंबर सगळ्यात वाईट. थंड भट्टी तापवायला दुप्पट लाकूड लागतं आणि एवढं करून पाव खालून जळतो, वरून कच्चा राहतो. तिसरा-चौथा नंबर सगळ्यात छान, तेव्हा भट्टी मुरलेली असते. म्हणून टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचं जे निघेल ते त्याने घ्यायचं.

नावं आठ होती. साहेबांनी चिठ्ठ्या लिहून टोपी माझ्याकडे दिली आणि ते लाकडं बघायला गेले. मी आणि चाचाने एकमेकांकडे बघितलं. यात बोलण्यासारखं काही नव्हतं. ज्याची भट्टी, ज्याचं गाव, जो फोरमन, त्याला पहिला नंबर आला तर आम्ही तोंड कुठे लपवायचं? मी साहेबांची चिठ्ठी काढून तळहाताशी दाबून धरली आणि माझी वर ठेवली. सगळे जमल्यावर मी चिठ्ठ्या काढल्या. पहिला मी. दुसरा एक वेल्डर. तिसरे एमिलसाहेब.

साहेब खूश झाले. "तिसरा! आमच्या घराला कधी तिसरा आला नव्हता. आई म्हणायची, चिठ्ठीला आपलं घर आवडत नाही."

"कैसे नहीं आता, साब," चाचा अभिमानाने म्हणाला. "समाधान ने खुद लगाया आपका नंबर. अच्छावाला."

आम्हाला लपवायचंच नव्हतं. उलट त्यांना कळावं, असंच वाटत होतं. पण साहेबांनी हातातली कणकेची परात खाली ठेवली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"समाधान, तू असं का केलंस?"

"साहेब, तुमचा मान."

"मान," ते म्हणाले. हा शब्द त्यांना माहीत होता, सहा वर्षं आमच्यात होते. "ऐक. माझ्या गावात एक जमीनदार होता, मोठ्या वाड्यात राहायचा. एक पाद्री होता. एक मेयर. आणि एक माझी आई, विधवा, लोकांचे कपडे धुणारी. वर्षभर ती त्यांच्या मागच्या दाराने आत जायची. पण भट्टीच्या दिवशी चौघांच्या चिठ्ठ्या एका टोपीत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, जमीनदाराला पहिला नंबर आला आणि त्याने जळका पाव उचलून नेला. आईला सहावा आला होता. गावात बाकी काही चांगलं नव्हतं, समाधान. हवा थंड, जमीन दगडाची, माणसं हट्टी. ही टोपी चांगली होती. तू विटा बरोबर लावल्यास, आणि टोपी मोडलीस."

माझे कान तापले होते. आमच्या गावात पोळ्याला बैल वेशीतून निघतात ते मानाने निघतात. आधी पाटलाचे, मग त्यांच्या भावकीचे, मग बाकीच्यांचे आणि सगळ्यांच्या शेवटी, अंधार पडता पडता, आमचे. माझ्या बापाने चाळीस वर्षं बैल सजवले, शिंगं रंगवली आणि त्यांना धरून धुळीत उभा राहिला. कुणी आधी जायचं हे जन्मल्याबरोबर ठरतं, असंच मी धरून चाललो होतो. तो क्रम चिठ्ठीवरही ठरवता येतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि आलं तेव्हा मीच तो मोडून बसलो होतो.

"पुन्हा काढा," मी म्हणालो आणि टोपी चाचाकडे दिली.

चाचाने डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या. पहिला नंबर शैलेंद्र सरांचा. सर इस्त्रीच्या शर्टात केकचं भांडं घेऊन आले होते, मुलीचा वाढदिवस होता. त्यांनी साहेबांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि बाह्या वर केल्या. तासभर त्यांनी खोक्यांची लाकडं भट्टीत सारली. केक खालून कोळसा झाला. सर म्हणाले, "इट्स ओके, आयसिंग लावलं की कळत नाही." त्या दिवसापासून मी पुण्याबद्दल जरा जपून बोलतो.

मला पाचवा आला. माझ्या बट्ट्या खरपूस झाल्या. साहेबांना सातवा. तोवर भट्टी निवत आलेली, त्यांचा पाव पांढुरका राहिला आणि त्यांनी तो कापून आठ जणांना वाटला. मी आयुष्यात खाल्लेला तो पहिला असा पाव, जाड सालीचा, आंबूस. दोन घासांनी मला कळलं की या माणसाला सहा वर्षं कशाची भूक लागली होती.

जुलैअखेर साहेब सुट्टीवर निघाले. जाताना म्हणाले, "तुझा छाप दे." आठवण म्हणून हवा असेल, असं समजून मी शिंगांचा छाप त्यांच्या बॅगेत टाकला.

"इन्शाल्ला उभी राहील," चाचा म्हणाला.

"टेकडी आहे तिथे," साहेब म्हणाले.

ऑगस्टभर मला चैन नव्हतं. पंधरा तारखेला कॅम्पात आमच्या स्वातंत्र्यदिनाचे पेढे वाटले. पेढा हातात होता आणि माझं लक्ष व्हेर्नाकच्या घुमटाकडे होतं. मी तिथे कधी गेलो नव्हतो, कधी जाणार नव्हतो. तरी संध्याकाळी जाऊन मी आमच्या यार्डातला घुमट चाचपून आलो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात साहेब परत आले. उन्हाने लाल झालेले, हाताला दोन ठिकाणी पट्टी. ते थेट मेसमध्ये आले आणि माझ्यासमोर चौकड्यांच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. मी फडकं सोडलं. आत पाव होता, उशीएवढा, दगडासारखा कडक. खालची बाजू काळीठिक्कर. वरच्या बाजूला बैलाची दोन शिंगं.

"उभी राहिली," साहेब म्हणाले. "पंचायत बसायच्या आधीच मेयर म्हणाला, गाड्या चर्चमागे लावू."

मी काळी बाजू वर करून बघितली.

"टोपीत एकवीस चिठ्ठ्या होत्या," ते म्हणाले. "मी तुझी टाकली होती. भट्टी बांधायला ज्याचा हात लागला त्याचं नाव टोपीत, असा आमचा नियम आहे. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने चिठ्ठ्या काढल्या. पहिली चिठ्ठी तिला वाचता येईना. मी वाचली. समाधान. लोकांनी विचारलं, हा कोण? मी सांगितलं. सगळे म्हणाले, बिचारा, आला नाही तरी पहिला नंबर लागला."

"मग?"

"मग काय? पहिल्या नंबराला लाकूड जास्त लागतं. तू नव्हतास. मग जो तो घरी गेला आणि तुझ्या नावाने एकेक मोळी घेऊन आला. मेयरपण. मी तुझी कणीक मळली. जळलाय, ते तू बघतोच आहेस."

मी त्या पावावर हात ठेवून बसलो. आजवर मला लोकांनी चांगलं काही दिलं, तर ते दया म्हणून दिलं होतं. वाईट दिलं, ते माझी जागा म्हणून. कुणी मला सगळ्यांच्या बरोबरीने टोपीत घातलं आणि माझ्या नशिबी निघालेलं वाईट माझं मला दिलं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. चाचाने सगळ्यांना चहा ओतला. पाव कापायला लोखंड कापायचा हॅकसॉ लागला. आम्ही तुकडे चहात बुडवून खाल्ले आणि जळकी बाजू मी कुणाला टाकू दिली नाही.

पंधरा दिवसांनी मी सुट्टीवर गावी गेलो. एक तुकडा ट्रंकेत नेला होता, शिंगं असलेला. बापाला ओट्यावर बसवून सगळी हकिकत सांगितली. त्याच्या तोंडात दात चारच. आईने वाटीभर दूध आणून दिलं. तो तुकडा भिजत घालून बाप बराच वेळ शिंगांकडे बघत राहिला.

"जळकाच आला का रे तुला?"

"हो, बाबा. चिठ्ठीत निघाला."

"आन त्या टोपीत पाटलाची चिठ्ठी व्हती?"

"होती. सरपंचाची, पाटलाची, पुजाऱ्याची. सगळ्यांची."

बापाने मान हलवली. मग तुकडा दुधातून काढला, काळी बाजू वर केली आणि आधी तीच खाल्ली.